मेंढ्यांची सुई

"मेंढीला लागू पडतं ते माणसाला का पडू नये?" असं कालिन कायम म्हणायचा, आणि आमच्या रोडोपी डोंगरात त्याला कुणी हसत नसे. आजारी मेंढ्यांना तो सुई टोचायचा. त्याच हातानं माणसांनाही टोचायचा. दवाखाना खाली दरीत, कालिन वरच्या आळीत. माणसं त्याच्याकडेच जायची, सोबत चीज नाहीतर राकियाची, म्हणजे घरच्या दारूची, बाटली न्यायची. गावात त्याचा शब्द खाली पडत नसे.

माझी बायको नेदा ही त्याची धाकटी बहीण. मी कळपासोबत वरच्या कुरणात असताना तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. कालिननं तिला मेंढ्यांचं स्ट्रेप्टोमायसिन रोज टोचलं. दुखणं दबलं, आतलं आंत्रपुच्छ मात्र सडत गेलं. मी उतरून आलो तो तिला शहरातल्या इस्पितळात न्यायची घाई चाललेली. सुयांचं मला कुणीच बोललं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टर यानेवांनी तिला विचारलं, घरी काही औषध घेतलंस का. नेदानं भावाकडे पाहिलं आणि फक्त पाल्याचा चहा घेतला म्हणून सांगितलं. जनावराचं औषध आमच्याकडे घरात चालतं, चारचौघांत त्याचं नाव काढत नाहीत.

ऑपरेशन नीट झालं, पण नेदा श्वास घेईना. यानेवाबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, स्नायू सैल करायला दिलेल्या औषधाचा जोर एव्हाना ओसरायला हवा होता, त्यावरचा उतारा देऊनही छाती हलत नाही, यंत्र तिला श्वास देतंय. घरी खरंच काही घेतलं नव्हतं? मी चिडून म्हणालो की बायको माझी आहे, ती खोटं बोलत नाही. कालिन फरशीकडे बघत होता. बाई वळल्या, तेव्हा त्यानं टोपी काढली.

"बाई, मी टोचलंय. मेंढ्यांचं स्ट्रेप्टोमायसिन. काल रात्रीसुद्धा."

"मघाशी का नाही बोललात?"

"ती नाही म्हणाली. सगळ्यांदेखत बहिणीला खोटं कसं पाडू?"

"खोटं पाडायची लाज वाटली. आणि मारायची?"

त्याचे कान लाल झाले होते. एवढा मोठा माणूस भिंतीला टेकून इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्या सुईनंच स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा जोर वाढवला होता. तो तोडायला बाईंनी शिरेतून कॅल्शियम दिलं, यंत्र चालू ठेवलं आणि स्वतः उशाशी बसल्या. दिवस कलताना नेदाची छाती आपसूक वर आली.

पुढच्या रविवारी कालिन सफरचंदं घेऊन आला. खोलीत आलाच नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "मी आलो होतो म्हणून सांगू नकोस, भाऊजी." मी सांगितलं नाही. पण नेदाची खाट खिडकीशी होती. खालच्या रस्त्यानं, टोपी हातातच धरून, तो बसथांब्याकडे निघाला होता. तिनं काचेवर बोटं टेकली आणि वळणाआड जाईपर्यंत ती भावाला बघत राहिली.