खांबाभोवतीची फट

जगातल्या यच्चयावत गोल वस्तूंवर आपला पहिला हक्क आहे, असं मानणारा एकच माणूस मी पाहिला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. मूळचे मेढ्याकडचे, राहायला साताऱ्यात, धंदा घरोघरी लाकडासारखी दिसणारी लॅमिनेटची फरशी बसवण्याचा. सरळ भिंतींच्या खोल्या ते नाक मुरडत उरकायचे. पण कुठे गोल खांब किंवा जिन्याची अर्धगोल पायरी दिसली, की सासुरवाशिणीला माहेरचं माणूस भेटावं तसा चेहरा खुलायचा. लग्नाला गेले तर नवरानवरी राहिली बाजूला, हे आपले कार्यालयातल्या खांबाच्या बुडाशी उकिडवे बसून हात फिरवत. लग्नपत्रिका ते तारखेसाठी उघडत नसत, जाडी बघायला उघडत. वळणाचा साचा कापायला तसला पुठ्ठा दुसरा नाही, हे त्यांचं ठाम मत. सख्ख्या भाचीची पत्रिका त्यांनी इस्लामपूरच्या कुणा डॉक्टरांच्या जिन्यापायी कापली आणि मग मुहूर्त विचारायला बहिणीलाच फोन केला.

सांगलीत आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा हॉलच्या मधोमध एक जाडजूड गोल खांब आला. बायको हिरमुसली, साडू हरखले. खाली-वर पाच फ्लॅटांत हाच खांब होता आणि पाचही घरं आमचं काम बघून त्यांनाच बोलावणार होती. एवढं मोठं काम त्यांना आयुष्यात मिळालं नव्हतं. तीन दिवस ते त्या खांबाला चिकटून होते. साचा कापायचा, लावायचा, डोळा बारीक करून बघायचा, फेकायचा. पाचवा साचा पटला तेव्हा कुठे फळीवर पेन्सिल टेकली. मशीनने वळण कापताना ते श्वास रोखून धरत, आणि चहा घेऊन आलेल्या बायकोलाही दारातच उभं राहावं लागे. फळ्या बसल्या. खांबाभोवती करंगळीचं टोक जाईल एवढी फट राहिली, सगळीकडे अगदी सारखी.

मी फटीकडे बघतोय हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, “पाव्हणं, ही ऱ्हाऊ द्या. पावसाळ्यात फळी फुगती, तिला हलाय जागा लागती. वरनं कडं येतंय.” खांबाभोवती बसून फट झाकणारं ते कडं कुपवाडच्या एका कारखान्यात करायला टाकलं होतं, त्याला आठवडा लागणार होता.

आमची वास्तुशांत चार दिवसांवर. पाहुण्यांना फट दिसेल या विचाराने माझी झोप उडाली. ते साताऱ्याला गेल्यावर मी बायकोच्या नकळत रंगाऱ्याकडून फटीत पांढरं सिमेंट भरून घेतलं, वर रंग मारला आणि कडं नको म्हणून साडूंना फोन केला. पावसाळ्यात खांबाशेजारच्या फळ्या फुगून वर आल्या. पाचही घरची माणसं येऊन बघून गेली. घरच्या माणसाला काम दिलं की असंच होतं, हे त्यांना मीच सांगितलं. माझी जीभ तेव्हा झडली नाही.

साडू स्वतः आले. बायको आणि सोसायटीचे चेअरमन शेजारी उभे. त्यांनी पटाशीने खांबाच्या कडेला एकदाच टोचलं, तर सिमेंटचं ढेकूळ निघालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. बायको तावातावाने म्हणाली, “दाजी, असं कसं हो केलंत?”

ढेकूळ त्यांनी खिशात टाकलं. म्हणाले, “माजंच माप चुकलं.”

दोन दिवस राबून त्यांनी फळ्या पुन्हा बसवल्या, वर कुपवाडहून आणलेलं कडं लावलं. पाचही खांब दुसऱ्याच कुणाला गेले. त्यानंतर सांगलीत त्यांनी काम घेतलं नाही. समारंभात भेटले की अजूनही पाठीवर हात ठेवून, “पाव्हणं, बरं हाय न्हवं?” विचारतात आणि मला तिथून उठून जावंसं वाटतं. परवा बायको कुणाला तरी सांगत होती, दाजी माणूस सोन्यासारखा, पण हात आता पूर्वीचा राहिला नाही. मी शेजारीच बसलो होतो. खरं काय ते मी अजूनही तिला सांगितलेलं नाही.