व्याह्याच्या पंगतीत गोविंदाची डवली

हायवेवरच्या खांब गावाहून आत वळलं की रस्ता हळूहळू अरुंद होत जातो आणि डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबतो. तिथे आमचं गाव. पावसाळ्यात भात, भात काढला की खाचरातल्या उरल्या ओलीवर वाल. बापजाद्यांपासून हेच. नांगर धरणारा माणूस भात खाणार, आणि जितका भात तितका माणूस, असा आमच्याकडचा हिशोब. कमी जेवणाऱ्या गड्याकडे बायका काळजीनं बघतात आणि पुरुष संशयानं.

त्या हिशोबात गोविंदा आमच्या गावचा पहिला गडी. त्याच्या ताटात भाताचा डोंगर असायचा. डोंगराच्या माथ्यावर तो बोटांनी खळगा करायचा आणि खळग्यात वालाचं बिरडं ओतून घ्यायचा. ते चारी अंगांनी खाली ओघळू लागलं की मग जेवायला सुरुवात. लग्नाच्या पंगतीत त्याच्यासमोर बसायला परगावचे गडी घाबरायचे. वाढपी थकायचे, गोविंदा थकत नसे. आम्हाला त्याचा अभिमान होता. आजही आहे, पण आता तो वेगळ्या कारणानं, आणि पहिल्यापेक्षा मोठा आहे.

एका लावणीत चिखलात रुतलेला बांबूचा खुंट त्याच्या पायाला लागला. असे खुंट लागतातच. हळद भरली, फडकं बांधलं, काम चालू. पण भात पोटरीला आला, लोंबी धरली, पिवळा पडला, तरी जखम ओली ती ओलीच. शेवटी त्याची बायको शांती त्याला रोह्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "साखर आहे. गोळ्या देतो. पण तुमच्या भाताशी कुस्ती केली तर गोळ्या हरतील. एका जेवणाला वाटीभर भात, त्याच्यावर शीत नको. नाहीतर पाय जाईल."

गोविंदा घरी आला आणि ओटीवर बसून राहिला. पाय जाईल याचं भय होतंच. पण वाटीभर भात ही गोष्ट त्याच्या डोक्यात शिरेना. वाटीभर भात आमच्याकडे कावळ्याला ठेवतात.

शांती हुशार बाई. तिला वाटलं, आपण गुपचूप काम करू. तिनं ताटात एक वाटी पालथी घातली आणि तिच्यावर भात थापला. डोंगर पहिल्याइतकाच दिसायला लागला. गोविंदानं नेहमीसारखा खळगा केला, बिरडं ओतलं, कालवायला बोटं घातली आणि आत टण्ण वाजलं.

त्यानं भात बाजूला केला. वाटी उचलली, बिरड्यानं माखलेली, आणि जमिनीवर ठेवली. ओरडला नाही. ओरडला असता तर शांतीला बरं वाटलं असतं.

"अगो शांती," तो म्हणाला, "भात कमी वाढ. पण खोटा वाढू नको."

दुसऱ्या दिवशी तो रोह्याशेजारच्या अष्टमी गावात गेला. पुलापलीकडे भांड्यांचं एक दुकान आहे, तिथे त्यानं लहान ताटली मागितली. दुकानदारानं खणांची एक ताटली काढली.

"नातवाला पायजे काय, मामा?"

"मलाच पायजे."

"मग ही घ्या. कंपनीच्या कँटीनला हीच जाते. मोठ्या खणात भात, बारक्यात भाजी न् डाळ."

"उलट. मोठ्या खणात पाला, बारक्यात भात."

दुकानदारानं त्याच्या अंगापिंडाकडे एकदा बघितलं. "ताटली तुमची, पोट तुमचं. मी कोण बोलणार?"

पण ताटलीनं अर्धंच काम झालं. घरातली भातवाढी फावड्यासारखी. ती एकदा बुडाली की बारका खण भरून वर टेकाड करायची. तेव्हा गोविंदानं स्वतःच्या माडाचा एक खुरटा, मुठीएवढा नारळ निवडला. तो कापला, करवंटी काचेच्या तुकड्यानं आतून बाहेरून खरवडली, तेल पाजलं, उन्हात ठेवली, पुन्हा खरवडली. बांबूची बारीक दांडी बसवली. अशी डवली आमच्या आज्या वापरायच्या, पण एवढी लहान आणि एवढी गुळगुळीत कुणी पाहिली नव्हती. दारातल्या उजेडात धरली की जांभळासारखी चमकायची. तीन डवल्या भात म्हणजे डॉक्टरांची वाटी. एकच मोठी का केली नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला, "भात परत घेतल्याबिगर मला जेवल्यासारखं वाटत नाय. तीनदा घेतला का पोट ऐकतं. पोट काय रे, पोरासारखं असतं. किती मिळालं ते बघत नाय, किती येळा मिळालं ते बघतं."

गावानं चेष्टा करायची ती केलीच. कुणी ओटीशी थांबून विचारायचं, "काय गोविंदा, म्हातारपणी भातुकली मांडलीस?"

"व्हय. तू पण ये खेळायला. पण तुझं पोट भायेर ठेवून ये, घरात मावणार नाय."

त्याच्या कमरेचा करगोटा आधी मांसात रुतलेला असायचा. तो सैल झाला. थंडी पडेपर्यंत जखम भरली. तो पुन्हा वालाच्या शेतात उभा राहिला, दोन्ही पायांवर. साखर मात्र घरच्या माणसासारखी मुक्कामालाच आली होती, म्हणून ताटली आणि डवलीही राहिली.

माघात त्याच्या मुलीचं, मनालीचं, जमायला आलं. मनाली धाटावच्या एका कंपनीत कामाला. जिते गावचा नितेश त्याच कंपनीत, एकाच शिफ्टला. पोरांचं आधीच ठरलेलं होतं. मनालीनं आईला स्पष्ट सांगितलं होतं की करीन तर नितेशशीच. आता मोठ्यांनी मोठ्यांच्या घरी जेवायचं आणि हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. पण तेवढ्यावरच सगळं असतं. जेवणावरून मोडलेली लग्नं आमच्या पंचक्रोशीत कमी नाहीत.

मुलाचं घर बघायला निघायच्या सकाळी शांतीला गोविंदाच्या हातात कापडी पिशवी दिसली.

"अवो, काय हाय त्यात?"

"ताटली न् डवली."

"देवा! व्याह्याच्या घरी आपलं ताट घेऊन जातं काय कोण? ठेवा ती. एक दिस जेवा चार माणसांसारखं. न् साखरेचं नाव काढू नका. घराण्यात दुखणं हाय म्हणतील न् पोरीचं मोडतील."

"मोठं ताट पुढ्यात आलं का माझा हात थांबत नाय, शांती. माझा हात मला म्हायती हाय."

"न् पोरीचं?"

गोविंदानं पिशवी खांद्याला अडकवली. मनाली दारात उभी होती. तिनं पिशवीकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि वाट सोडली.

आम्ही भावकीतले चारपाच जण बरोबर होतो. मिनीडोर रिक्षानं रोहा, तिथून रेल्वेनं जिते. नितेशचा बाप नाथा स्टेशनवर घ्यायला आलेला. घर चांगलं, माणसं चांगली, अंगण शेणानं सारवलेलं. बोलणी गोड झाली. मग पडवीत पंगत बसली. मोठमोठी चकचकीत ताटं मांडलेली, कोंबडीच्या रश्श्याचा वास पडवीभर.

गोविंदानं पुढ्यातलं ताट दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. पिशवीतून आपली ताटली काढली आणि त्या जागी मांडली.

पंगतीतली सगळी डोकी तिकडे वळली. दुसऱ्याच्या घरी आपलं भांडं मांडायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तुमचं आम्हाला चालत नाही, तुम्ही खालचे, आम्ही वरचे. जुन्या काळी अशा भांड्यांवरून माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या पायऱ्या चढली नाहीत. गोविंदाला हे कळत नव्हतं असं नाही. पण ताटलीत त्याला आता फक्त आपला पाय दिसायचा. लोकांना दुसरंच दिसेल, हे तो विसरून गेला होता.

नितेशचा मामा प्रविण मोठ्यानं म्हणाला, "का वो पाव्हणं, आमची भांडी बाटलीत काय?"

नाथा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. "आमच्या घरात पोरगी द्यायला आलात," तो हळू म्हणाला, "न् आमच्या ताटात जेवत नाय?"

सैपाकघराच्या दारात शांतीनं पदर तोंडाला लावला.

गोविंदानं हात जोडले. "तुमचं ताट सोन्याचं हाय. खोट माझ्यात हाय. मला साखर हाय. पाय जायची पाळी आली होती, ह्या ताटलीनं ऱ्हायला. लपवून तुमच्या ताटात बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. पण मोठं ताट बघून मी पोटभर जेवलो असतो न् वर तुम्हाला फसवलं असतं. पोरगी देताना खोटं नको."

"म्हणजे घराण्यात साखर हाय," प्रविणनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"हाय," गोविंदा म्हणाला.

मी शांतीकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

नाथानं तांब्या खाली ठेवला. "साखरेचं ऱ्हाऊ द्या. ती कुणाच्या घरात नाय? पण आमच्यात व्याह्याला तीनदा भात वाढल्याबिगर उठू देत नायत. तुमी ह्या बारक्या खणात एकदा घेऊन हात आडवा करणार. उद्या गाव बोलंल, नाथानं व्याह्याला अर्धपोटी लावला. माझं तोंड कुठं दाखवू मी?"

आता गोविंदाचाही चेहरा पडला. एकाची पत पोट भरण्यात, दुसऱ्याचा पाय न भरण्यात. दोघंही खरे.

तेवढ्यात भाताचं पातेलं घेऊन नाथाची आई आली. जनीआजी, वाकलेली, पण आवाज खणखणीत. व्याह्याला पहिला भात घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईनं वाढायचा, ही त्यांची रीत. तिच्या हातात भली थोरली भातवाढी होती. गोविंदानं न बोलता आपली डवली तिच्यापुढे धरली.

म्हातारीनं ती घेतली. उलटी केली, सुलटी केली, आतून अंगठा फिरवला.

"कशानं घासलीस रे बाबा?"

"काचेनं, आजी."

"माझ्या सासूकडं होती अशी. पन एवढी गुळगुळीत नव्हती." तिनं आणखी एकदा अंगठा फिरवला. "न् ह्या चिमणीत तुझं भागतं?"

"तीन भरल्या का माझं जेवान झालं."

जनीआजी नाथाकडे वळली. "काय रे, किती येळा वाढायचा व्याह्याला?"

"तीनदा."

"मंग तीनदा वाढते की! किती मोठा वाढायचा ते कोण सांगून गेलंय तुला? तुझा बा?"

पडवीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

तिनं पहिली डवली वाढली. मोठ्या खणात मुळ्याची भाजी घातली, वर रस्सा. गोविंदा जेवू लागला. असा जेवताना मी कुणाला पाहिलं नाही. एकेक घास बोटांच्या टोकांनी उचलायचा, शांतपणे चावायचा, मध्ये बोलायचा, नाथाच्या शेताची विचारपूस करायचा. पंगतीतून आधी उठणं हा यजमानाचा अपमान, हे त्याला ठाऊक होतं. आम्ही ताटंच्या ताटं संपवली, पण त्याची एक डवली आमच्या तोडीस तोड चालली.

जनीआजी पुन्हा आली. "घ्या हो व्याही, लाजू नका!"

"नको आजी, पुरे."

"पुरे कसं? माझ्या गळ्याची आण!"

डवलीभर भात पडला. तिसऱ्या वेळी तर तिनं पदर खोचून असा आग्रह केला, त्यानं असे आढेवेढे घेतले, की सगळी पडवी हसत होती. नाथाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या.

तेव्हा प्रविण उठला. आजीच्या हातातून डवली घेतली, भरली, आणि गोविंदापुढे येऊन वाकला. "आता माझ्या हातची एक. नाय म्हणालात तर मी जेवलोच नाय समजा."

हसू थांबलं. एकच डवली. चिमणीएवढी. मुलीच्या होणाऱ्या मामेसासऱ्याच्या हातची. मला वाटलं, घे रे बाबा, एवढ्यानं काय होतंय. आणि एकेकाळी डोंगर खाणाऱ्या त्या माणसानं आपला रुंद, नांगराचे घट्टे पडलेला पंजा ताटलीवर आडवा धरला.

"मामा," तो म्हणाला, "तुमची चवथी मी मांडवात घेतो. त्या दिशी तिसरी सोडीन. आज हात आडवा."

प्रविण सरळ झाला. मग त्यानं डवलीतला भात आपल्याच ताटात टाकला आणि म्हणाला, "मांडवात पळून जाऊ नका म्हणजे झालं."

जेवणं आटोपली. गोविंदा ताटली उचलून धुवायला निघाला, तर नाथानं ती त्याच्या हातातून काढून घेतली. सुना पुढे आल्या, त्यांनाही दिली नाही. घरचा कर्ता पुरुष मोरीवर बसून पाहुण्याची उष्टी ताटली घासताना आम्ही बघत राहिलो. त्यानं ती राखेनं घासली, पाण्यानं विसळली, खांद्यावरच्या पंच्यानं पुसली आणि घरात गेला.

कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नाथा बाहेर आला तेव्हा ताटलीच्या मोठ्या खणात नारळ होता, एका बारक्या खणात सुपारी, दुसऱ्यात हळदकुंकू. त्यानं ती दोन्ही हातांनी गोविंदापुढे धरली.

"पोरगी आमची झाली," तो म्हणाला.

 गोविंदानं ताटली घेतली आणि कपाळाला लावली, आणि तशीच धरून उभा राहिला. मागून शांतीचा आवाज आला, रडका आणि खणखणीत, दोन्ही एकदम, "अवो, व्याह्याला हात जोडा! ताटलीच्या काय पाया पडताय!"