ओल्या शाईचा अंगठा

निजामी अमलात मी शाळेत मराठी शिकवायचो. बाकी सगळं उर्दूत चालायचं. मराठी पुस्तकं एका कपाटात मावायची आणि त्या कपाटाची किल्ली आमच्या कारकुनाच्या करगोट्याला असायची. रोज सकाळी तो एकेक पुस्तक मऊ फडक्यानं पुसायचा. पोरांसाठी मागितलं की म्हणायचा, "मास्तर, पोरायच्या हाती किताब गेली की तिचं वाटोळं झालंच समजा. बिलकुल जमायचं न्हाई."

एकदा औरंगाबादच्या गाडीनं तपासणीचे साहेब येणार होते. पोरं किती वाचतात, ते त्यांना बघायचं होतं. त्या सकाळी मी कारकुनाच्या टेबलावरची वही पाहिली. तीसेक पोरांनी पुस्तकं नेल्याची नोंद, पुढं तीसेक सह्या, सगळ्या निरनिराळ्या वळणाच्या. सगळ्या त्यानंच ठोकलेल्या! अन् ज्याच्यासारखा निबंध शाळेत कुणी लिहीत नव्हतं, त्या धनगराच्या पोराच्या नावापुढं अंगठा. शाई अजून ओली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा अंगठा कुणाचा?"

"त्याचाच समजा की. धनगराच्या पोराची सही साहेबाला खरी वाटंल का?"

मी त्या पोराची निबंधाची वही आणून त्याच्यापुढं, नुकत्याच पुसून ठेवलेल्या पुस्तकावर आपटली. उघडी.

त्यानं ती वाचली नाही. त्याच निळ्या अंगठ्यानं बाजूला सारली. निबंधावर डाग उमटला. मग त्यानं अंगठा फडक्याला घासून घासून स्वच्छ पुसला आणि निबंधाच्या वहीखाली दबलेलं ते पुस्तक अलगद उचललं.