दाराच्या मापाचा साग

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कोणी सांगायची गरज नाही. कोरपन्याला आमच्या वावरात कापूस वेचायला बायका यायच्या, तेव्हा आई म्हणायची, "हिले वावरात नोको पाठवू, बाया पळून जातीन." अशा पोरीला पुढे लाकूड तोडणाऱ्यांना शिकवायची नोकरी लागली. आता बोला!

काम तसं साधं होतं. आलापल्लीच्या पुढे जंगलात हिवाळ्यात सागाची कटाई चालते. झाड पडलं की त्याचे लठ्ठे, म्हणजे ओंडके, पाडायचे. पण ते कुठे पाडायचे, हीच सगळी गोम. सरळ, जाड, लांब लठ्ठ्याला लाकडाच्या डेपोत मान असतो आणि भावही. तेच लाकूड आखूड तोडलं, नाहीतर वाक आणि पोकळी मध्येच राहू दिली, की त्याला कुत्रं विचारत नाही. हे मी पंधरा दिवसांत बारा जणांच्या टोळीला शिकवायचं आणि सोळाव्या दिवशी डेपोचे साहेब येऊन बघणार. टोळी पास झाली तर पुढच्या हंगामाचं कूप, म्हणजे कटाईचा तो सगळा पट्टा, तिलाच मिळणार. नाही झाली तर बाहेरची टोळी येणार, आणि ही माणसं धान निघालं की घरदार बंद करून तेलंगणात मिरची तोडायला जाणार. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

टोळीचे म्होरके एक भाऊ होते. साठीच्या घरातले, उंच, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी मी त्यांना काम करताना पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. हातात एक काळी पडलेली काठी. पडलेल्या सागावर काठी ठेवायची, कुऱ्हाडीने खाच मारायची. पुन्हा काठी, पुन्हा खाच. झाड सरळ आहे की वाकडं, बुंधा जाड आहे की शेंडा आला, काही विचार नाही. चांगला देवळाच्या खांबासारखा साग, आणि त्याचे सगळे तुकडे एका मापाचे!

"भाऊ, ही काठी कोणत्या मापाची?"

"दाराची."

"कोणाच्या दाराची?"

"माह्या सासऱ्याच्या."

मग कळलं. लग्नात सासऱ्याच्या घरात शिरताना भाऊंचं डोकं चौकटीवर आपटलं होतं आणि अख्खी वरात हसली होती. स्वतःचं घर बांधताना त्यांनी सासऱ्याचं दार मोजलं, वर एक मूठ वाढवली आणि तेवढी काठी तोडून ठेवली. गावातल्या लोकांनी आपापल्या चौकटीही त्याच काठीने मापून नेल्या. पुढे भाऊ कटाईच्या कामाला लागले, ते काठी घेऊनच. तोडलं तसं लाकूड जात राहिलं, कोणी काही विचारलं नाही.

"म्हणजे इतकी वर्षं इथला साग तुमच्या टेंगळाच्या मापानं तुटून राह्यला?" मी ओरडले.

"टेंगूळ लगित मोठं होतं, मॅडमबाई," भाऊ शांतपणे म्हणाले.

टोळी खो खो हसली. मला मात्र हसू आलं नाही. म्हणजे आलं होतं, पण मी ते दाबलं. शिकवणारी बाई पहिल्याच दिवशी हसली की संपलं, असं मला तेव्हा वाटायचं. मी काठी जप्त केली, टेप आणि खडू काढला आणि नियम सांगितला: खूण मी मारणार, आरा, म्हणजे दोघांनी ओढायची करवत, खुणेवरच चालणार, मध्ये कोणी डोकं लावायचं नाही.

पहिल्या आठवड्यात ते डोकं लावतच होते. "मॅडमबाई, ह्या झाडाले खालून वारूळ होतं." "मॅडमबाई, हे नाल्याकाठचं हाये, हे आतून वेगळं राह्यते." मी म्हणायची, "आधी माप शिका, मग झाडाच्या गोष्टी सांगा." जेवायला बसलं की भाताबरोबर सुक्या मासळीची चटणी माझ्या पानात ढकलून कोणीतरी हळूच विचारायचं, "मॅडमबाई, तिखट खाऊनच असं होते का हो?" मागे त्यांनी माझं नाव टिटवी ठेवलं होतं. तेही मला कळलं होतं. खरं सांगायचं तर नाव अगदी बरोबर होतं.

दुसऱ्या आठवड्यात सगळे गप्प झाले. खूण मारली की कापायचे, सांगितलं की उचलायचे. टेप धरायला शिकले, वाक आला की तिथे तोडायचं हेही शिकले. मी खूश! संध्याकाळी आईला फोनवर म्हटलंसुद्धा, "आता कशी वळणावर आली टोळी." आई म्हणाली, "बाप्पा, पळून नाई गेले म्हणजे झालं."

सोळाव्या दिवशी साहेब जीपने आले. परीक्षेसाठी एक मोठा साग पाडलेला होता. मी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, टेप लावला आणि खुणा मारल्या. तीन लांब लठ्ठे, एकाहून एक सरस. मधल्या खुणेपाशी भाऊंनी सालीवर हात ठेवला. तिथे साल भोवऱ्यासारखी फिरलेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हं, चला, उशीर नको."

दोघांनी आरा ओढायला घेतला. अर्ध्यात भुसा बदलला. सोनेरी होता तो काळपट, ओला यायला लागला. लठ्ठा सुटला आणि मी बघतच राहिले. मधोमध मूठ जाईल एवढी पोकळी. कधीतरी झाडाच्या लहानपणी तिथली फांदी मोडली असणार. वरून साल भरून आली आणि आत लाकूड कुजत राहिलं. आणि माझी खूण नेमकी तिच्या पोटातून! दोन हात इकडे किंवा तिकडे कापलं असतं, तर सगळं कुजकं लाकूड एकाच तुकड्यात गेलं असतं. आता दोन्ही लठ्ठ्यांची तोंडं खराब झाली.

"ही खूण कोणी मारली?" साहेबांनी विचारलं.

"मी," भाऊ म्हणाले. "माही चूक झाली साहेब."

मी गप्प बसले. हे लिहायला आजही लाज वाटते, पण बसले. दोन-तीन श्वास जाईपर्यंत मी त्यांना माझी चूक घेऊ दिली. मग माझा राग उफाळून आला आणि तो नेहमीप्रमाणे भलत्याच माणसावर निघाला. "खोटं काऊन बोलता भाऊ? खूण माझी आहे! आणि तुम्हाला दिसत होतं तर सांगितलं काऊन नाही?"

"तुमीच म्हन्लं ना, मधात डोकं लावाचं नाई," भाऊ म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. "मंग नाई लावलं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आणखी एक झाड घ्या," ते म्हणाले. "ह्यावर खुणा भाऊ मारतील. हेही बिघडलं तर मग माझा नाइलाज."

भाऊंनी खडू घेतला. झाडाभोवती दोनदा फिरले, कुऱ्हाडीच्या पाठीने ठिकठिकाणी ठोकून ऐकलं, टेप मात्र मी शिकवला तसाच धरला. तीन खुणा मारल्या. मग टोळीकडे वळून विचारलं, "कोणाले काई दिसते का?"

अकरा माणसं उभी होती. एकानेही तोंड उघडलं नाही. सगळे भाऊंकडे नाही, माझ्याकडे पाहत होते.

ज्यांनी पहिल्या आठवड्यात वारूळ, नाला, ऊन, वारा सगळं मला ऐकवलं होतं, त्यांना मीच असं करून ठेवलं होतं.

"अहो, बोला ना!" मी म्हटलं. तेही ओरडूनच.

एक क्षण सगळे दचकले. मग कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळेच. भाऊसुद्धा. या वेळी मीही हसले.

मागच्या रांगेतून आरा ओढणारा एक जण पुढे आला. त्याने बुंध्याकडच्या खुणेखाली बोट ठेवलं. "भाऊ, इथी साल आत ओढली हाये. खूण वीतभर वर घ्या, सगळी घाण बुडाच्या तुकड्यात जाईन."

भाऊंनी वाकून पाहिलं, जुनी खूण पुसली आणि वीतभर वर मारली. बुडाचा कुजका तुकडा बाजूला पडला, वरचे तिन्ही लठ्ठे स्वच्छ निघाले आणि कूप टोळीला मिळालं.

तो माणूस पंधरा दिवस रोज माझ्यासमोर बसला होता. त्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.