एका बाहीचा स्वेटर

"बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही विणायचं नसतं," असं माझी आई फार वर्षांपूर्वी म्हणाली होती. तेव्हा मी हसले होते. मैत्रिणींनो, आज दुपारपासून तेच वाक्य आठवतंय.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी आठव्या महिन्यात आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव तेवढं लिहीत नाही. मागच्या वेळी तिचं बाळ जगलं नाही. तिच्या सासूबाईंनी आधीच शिवून ठेवलेली दुपटी अजून कपाटात आहेत. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत पिवळा स्वेटर विणायचे, पण कुणासाठी ते सांगत नव्हते.

आज तिने विचारलंच. "कुणासाठी, ताई?"

"भाचीसाठी."

"तुमची भाची इंजिनिअरिंगला आहे. तिचा पंजासुद्धा जायचा नाही यात."

मला हसू आवरेना.  तिने मात्र विणून झालेल्या बाहीत दोन बोटं घातली. मला वाटलं, आता म्हणेल, उसवून टाका.

"दुसरी बाही राहू द्या," ती म्हणाली. "अर्धवट आहे म्हणजे विणलेलं नाहीच. बाळ आलं की पुरं करा. आमच्या ओझरला थंडी नाशिकपेक्षा जास्त असते."

'बाळ आलं की' हे शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

शेजारच्या खुर्चीतली तू, हे वाचशीलच. नको म्हणशील, ठाऊक आहे, तरी विचारते. उद्या त्या दुसऱ्या बाहीचा एकच टाका तुझ्या हाताने घालशील?