माह्यं काही नाही

परतवाड्यात आम्ही पाच जणी मिळून दर उन्हाळ्यात कुरडया करून विकतो. सगळ्यांत मोठी म्हणजे मावशी, सत्तरी ओलांडलेली. मोठ्या पातेल्यातला गव्हाचा चीक ढवळायचं काम तिचं. मी शाळेत शिकवायचे, म्हणून बैठकीत काय ठरलं ते लिहिणं माझ्या गळ्यात पडलं होतं. अमरावतीत नोकरी करणाऱ्या माझ्या सुनेने ती कटकट मिटवली. तिच्या ऑफिसात सगळी टीम एआय वापरते, तोच तिने माझ्या फोनवर घालून दिला. फोन मधोमध ठेवायचा, आपण बोलायचं, शेवटी तोच ठराव वाचून दाखवतो. आमचं वऱ्हाडी त्याला काय कळणार, असं मी सुनेला तोऱ्यात सांगितलं होतं. त्याला सगळं कळलं, आणि माझा तोरा उतरला.

यंदाची बैठक मावशीच्या अंगणात भरली. विषय एकच: कुरडया चालू ठेवायच्या की बंद करायच्या? उपड्या परातीवर फोन ठेवला.

आमच्याकडे बोलायची एक रीत आहे. स्वतःसाठी काही मागणं बरं दिसत नाही. आधी "माह्यं काही नाही" म्हणायचं आणि मग शेजारणीची काळजी पुढे करायची.

"माह्यं काही नाही, पण मावशीचे गुडघे दुखतात. तिले किती राबवाचं?" एक म्हणाली.

"माह्यं बी काही नाही. पण बाईले आता नातू झाला," दुसरी माझ्याकडे बघून म्हणाली. "त्यायले कुठी येळ हाये?"

मीही मागे राहिले नाही. आमच्यातल्या धाकटीची सासू तिच्या बाहेर असण्यावरून कुरकुरते, तर उगीच तिच्या घरात भांडण कशाला, असं म्हणाले. धाकटीनेही मावशीचे गुडघेच पुढे केले.

"माह्यं काय हाये व?" मावशी म्हणाली. "तुमी पोरी थकून राहिल्या. माह्यापायी काम नका वढू."

झालं, काम बंद करायचं ठरलं. कोणी कोणाकडे बघेना. मी फोनला म्हटलं, वाच बाबा.

"ठराव: यंदापासून कुरडयांचं काम बंद," तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "नोंद पक्की करण्याआधी एक विचारू का? पाचही जणींनी बंद करण्याचं कारण दुसरीसाठी सांगितलं आहे. स्वतःला काय हवं, हे कोणीच सांगितलेलं नाही."

जन्मभर मी ही बोली बोलले, अशा किती बैठकांत बसले, आणि हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. ज्याला ना सासू, ना शेजार, त्या यंत्राला ते ऐकू आलं! मी त्या परातीकडे बघतच राहिले. भीती वाटली आणि हात जोडावेसेही वाटले.

"मले घराबाहेर पडाले हेच एक निमित्त हाये," धाकटी एकदम बोलली. मग बाकीच्या दोघी बोलल्या, दोघींनाही काम हवंच होतं. नातू गोड आहे, पण दिवसभर त्याच्यामागे धावून माझा जीव जातो, असं मीही सांगून टाकलं, तेव्हा सगळ्या हसल्या.

मावशी तेवढी पदराचं टोक चाळवत बसली होती.

"माह्यं काही ना..." ती म्हणाली आणि थांबली. "मले घरी नका बसवू व. दिवसभर भिंतीसंग बोला लागते मले."

तिचे डोळे भरले, माझेही भरले. चुलीजवळ तिच्यासाठी उंच स्टूल ठेवायचं आणि ढवळायला आळीपाळीने हात लावायचा, असं लगेच ठरलं.

फोनला ठराव बदलायला सांगितला. त्याने विचारलं, "काम चालू ठेवण्याचं कारण काय लिहू?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशीने मला हाताने थांबवलं आणि परातीवर वाकली.

"लिही," ती म्हणाली, "मले पाह्यजे म्हणून."