फुकटचा मांडव

कॉलेजच्या गाण्याच्या व्हिडिओसाठी आम्हाला लग्नघर हवं होतं. तिसगावात एका दारात मांडव दिसला. लग्न उरकलं असणार, असं धरून आम्ही शूटिंगसाठी विचारलं. घरचे काका "करा की" म्हणाले. आम्हाला काय, फुकटचा सेट!

आम्ही कॅमेरा लावेपर्यंत काकांनी अंगणात सडा टाकला, मांडवाच्या सुकलेल्या आंब्याच्या डहाळ्यांवरही पाणी मारलं. मग टोपी नीट करून बाजूला उभे राहिले.

निघताना मी म्हटलं, "काका, लग्न जोरात झालं असेल."

"परवाच मोडलं पोरीचं," ते म्हणाले. "उद्या मांडव सोडायचाय. म्हनलं, एखादं गानं तरी वाजू द्या त्यात."

एडिटिंग करताना नीट पाहिलं. गाणं सुरू होताच काकांच्या मागची खिडकी मेंदीचा एक हात आतून लावून घेतो.